सातव्या पानावर गळलेला शब्द

दादा, तू असतास तर परवा मी जे केलं ते तू मला करू दिलं नसतंस. हात धरून खाली बसवलं असतंस, आणि घरी येताना पाखाडीच्या पायऱ्या चढता चढता म्हणाला असतास, "काशे, माणसाला असं चारचौघांत उघडं पाडू नये गो." तू नाहीस, म्हणून ते जमलं. मला त्याचं वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्याचं वाईट वाटतं ते शेवटी सांगेन. धीर झाला तर.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत पुष्कळ माणसं येऊन गेली आणि तू किती साधा होतास ते सांगून गेली. शाळेत खडू अगदी बोटांत धरवेनासा होईपर्यंत तू टाकत नव्हतास, कधी कुणावर छडी उगारली नाहीस, रस्त्यात जुना विद्यार्थी भेटला तर आधी तूच हात जोडायचास. सगळं खरं आहे. पण शाळेत जायच्या आधीचे सकाळचे तीन तास तू काय करत होतास, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण ते तीन तास मी तुझ्यासमोर बसलेली असायची.

तू मला पहिल्यांदा बीजगणित दाखवलंस तेव्हा मी अकरा वर्षांची होते. चौथी करून शाळा सोडली होती आणि घरामागच्या कातळावर भात वाळत घातलेलं राखायचं काम माझ्याकडे होतं. तू कॉलेजच्या सुट्टीत मुंबईहून आला होतास. भाताच्या कडेला बसून तू कोळशानं कातळावर एक समीकरण लिहिलंस.

"हा क्ष कोण?" मी विचारलं.

"जो अजून आलेला नाही तो. पण येणार हे ठरलेलं आहे."

"म्हणजे बाबांसारखा?"

बाबा तेव्हा गलबत घेऊन मुंबईला गेले होते. तू हसलास आणि म्हणालास, "होय, बाबांसारखा." मग आपण तो क्ष शोधून काढला. सात निघाला. बाबाही चार दिवसांनी आले. पुढच्या तीन-चार वर्षांत, जेव्हा जेव्हा तू घरी यायचास, तेव्हा मला वाटायचं की जगात जे जे आलेलं नाही ते ते शोधून काढायची विद्या माझ्या भावाकडे आहे.

मग बाबांचं गलबत बुरोंडीपुढं खडकावर फुटलं. बाबा सापडले नाहीत. तू तेव्हा एम.ए. झाला होतास. तुझ्या प्रोफेसरांनी तुला कॉलेजात हाताशी ठेवलं होतं आणि समीकरणांच्या एका मोठ्या प्रश्नावर तुझं काम चाललं होतं. तू ते सोडून परत आलास आणि इथल्या हायस्कुलात मास्तर झालास. आई म्हणाली होती, "तू जा विठू, आमचा आमी बगू." तू गेला नाहीस. माझं लग्न ठरवलंस. नवरा विलायतेच्या आगबोटीवर, वर्षातून एक महिना घरी, म्हणून मी माहेरीच राहिले. त्या दिवसांबद्दल तू कधी एका शब्दानं कुरकुरला नाहीस. मी तुझी ऋणी आहे, दादा, हे मी तू असताना कधी बोलले नाही. आपल्या घरात असं बोलायची रीत नव्हती.

त्या प्रोफेसराचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते पुष्कळ ठिकाणी छापून आलेलं आहे, आणखी एका ठिकाणी कशाला? तू त्याला 'सर' म्हणायचास. मी 'तो' म्हणते.

सात वर्षं तू सकाळचे ते तीन तास काढलेस. बीजगणितातल्या कोणत्या राशीचे अवयव पडतात, कोणत्या राशीचे काही केल्या पडत नाहीत, आणि ते न पाडता आधीच कसं ओळखायचं, हा तुझा प्रश्न होता. आई म्हणायची, "याचा काय होतला ता देवाक ठावका." आमची आजी मालवणाकडची, आई रागावली की आजीची बोली तिच्या तोंडात यायची. तू हसायचास. शेवटी एका पावसाळ्यात तू म्हणालास, "काशे, झालं. आता स्वच्छ प्रत काढायची. माझं अक्षर कुणाला लागायचं नाही. तू काढशील?"

मला इंग्रजी येत नव्हतं. तू मला अक्षरं शिकवलीस, आणि मी ती लिहीत नव्हते, चितारत होते. बासष्ट पानं. एकेका ओळीला बोट लावून. तू शाळेतून यायचास, ओल्या छत्रीसकट वाकून पान बघायचास आणि म्हणायचास, "छापल्यासारखं दिसतंय." मला इतका आनंद व्हायचा की भाकरी करपायच्या. त्या पानांचा अर्थ मला कळत नव्हता. पण रत्नागिरीतली दुसरी कुठली बाई हे करत नसणार, एवढं कळत होतं.

नारळी पौर्णिमा झाली, आगबोट सुरू झाली, आणि तू स्वतः ती पानं घेऊन मुंबईला गेलास. परत आलास तेव्हा तुझा चेहरा उजळलेला होता. सरांनी ठेवून घेतली म्हणालास. वर्षभर वाट पाहून तू पुन्हा गेलास. तेव्हा त्यानं तुला काय सांगितलं ते तू मला लगेच सांगितलं नाहीस. दोन दिवसांनी, मांडवीच्या बंदरावर होड्या लागताना बघत बसलो होतो, तेव्हा सांगितलंस.

"सर म्हणाले, अजून कच्चं आहे. तुमच्या घराण्यात यापूर्वी असलं काम कुणी केलेलं नाही, तेव्हा घाई करू नका."

"आणि पानं?"

"कुठंतरी ठेवलीत म्हणाले. सापडली की पाठवतील."

गलबतावरच्या तांडेलाचा मुलगा म्हणून त्यानं तुला हिणवलं, आणि तू ते मला असं सांगितलंस जसं काही त्यानं हवापाण्याची चौकशी केली. त्या दिवशी माझ्या मनात त्या माणसाबद्दल जे बसलं ते आजतागायत हललेलं नाही.

त्यानंतर दीड वर्षानं तुझ्या कॉलेजातल्या एका मित्रानं मुंबईहून एक मासिक पाठवलं. गणिताचं, इंग्रजी. त्यात त्याच्या नावानं एक लेख होता. तू ओटीवर उभ्याउभ्या तो वाचायला लागलास आणि मग उंबऱ्यावर बसलास. मी आतून आले. एव्हाना तू मला इंग्रजी वाचायला शिकवलं होतंस. मी तुझ्या खांद्यावरून पाहिलं आणि पहिल्या ओळीवरच थांबले. ती ओळ मी चितारलेली होती. दुसरीही. पान उलटलं, तिथंही माझ्या हाताखालून गेलेलं प्रत्येक वाक्य. तुझं नाव कुठंच नव्हतं, तळटीपेत सुद्धा.

मला रडू फुटलं. आणि तू, दादा, सातव्या पानावर आलास आणि हसायला लागलास.

"काशे, इथं बघ. ही चूक तुझी आहे."

तू आत जाऊन तुझा कच्चा खर्डा आणलास. तुझ्या खर्ड्यात त्या ठिकाणी लिहिलेलं होतं: पी ही एक अविभाज्य संख्या आहे असं धरू. छापील लेखात होतं: पी ही एक संख्या आहे असं धरू. 'अविभाज्य' हा शब्द, इंग्रजीत फक्त पाच अक्षरांचा, मी प्रत काढताना गाळला होता. आणि त्या माणसानं तो तसाच गाळलेला छापला होता.

"एका शब्दानं काय बिघडतं?" मी नाक पुसत विचारलं.

तू मला पाटी दिलीस. "दोनाचा तिसरा घात कर. त्यातून दोन वजा कर."

"सहा."

"तिनानं भाग जातो?"

"जातो."

"पाचवा घात कर."

बत्तीस वजा दोन, तीस. पाचानं भाग गेला. सातवा घात केला. एकशे अठ्ठावीस वजा दोन, एकशे सव्वीस. सातानं भाग गेला, अठरा वेळा. मला गंमत वाटायला लागली. "दादा, हे नेहमीच असं होतं?"

"चौथा कर."

सोळा वजा दोन, चौदा. चौदाला चारानं भाग जाईना. मी पुन्हा करून पाहिलं.

"तीन, पाच, सात अविभाज्य आहेत, एक आणि स्वतः सोडून त्यांना कशानंच भाग जात नाही," तू म्हणालास. "चार नाही. माझा सगळा लेख ह्या एका पायरीवर उभा आहे. तो शब्द काढला की पायरी गेली, आणि वरचे सगळे मजले आले खाली."

मग तू मला त्याची प्रस्तावना वाचून दाखवलीस. तेवढाच भाग त्याचा स्वतःचा होता. त्यात त्यानं मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की पीवर कसलीही अट न घालता हा नियम सिद्ध करता आला, हेच या लेखाचं खरं वैशिष्ट्य. माझी चूक त्याला शोध वाटली होती! ज्याला चोरलेल्या वस्तूची ओळखही नव्हती, त्यानं तुला कच्चं म्हटलं होतं.

मी म्हणाले, "आता जा आणि सगळ्यांना दाखव. त्याच मासिकाला लिही. आपल्याकडे खर्डा आहे."

तू मान हलवलीस. "मी सरांना लिहितो. त्यांनी दुरुस्ती छापली की झालं."

"आणि चोरी?"

"चूक कुणाच्या नावावर आहे ते बाजूला ठेव. छापलेलं चुकीचं आहे, ते नीट झालं पाहिजे."

"आणि जे बरोबर आहे ते कुणाच्या नावावर आहे, तेही बाजूला ठेवू?"

तू खर्डा उचलून आत गेलास. आपलं भांडण तिथंच राहिलं. पुढं किती वेळा मी ते उकरून काढलं आणि किती वेळा तू उठून विहिरीवर गेलास, ते आपल्या दोघांनाच माहीत.

तू पत्र लिहिलंस. पाकीट चिकटवून पोस्टात टाकायचं काम माझं. वाटेत, पाखाडीच्या कडेला जांभ्याच्या गडग्याच्या भिंतीला टेकून, मी ते वाचलं. दादा, इतकं गोड पत्र मी आयुष्यात वाचलं नव्हतं. माझ्या अंगाची आग झाली. हे पत्र पोचलं की तो गुपचूप दुरुस्ती छापणार, त्याच्याच नावानं, आणि मग त्याच्या चोरीत एवढंसं सुद्धा छिद्र राहणार नाही. माझी चूक एवढीच काय ती तुझ्या मालकीची खूण त्या लेखात उरली होती, आणि ती तू स्वतःच्या हातानं पुसायला निघाला होतास. मी पत्र पदराआड घेतलं आणि परत आले.

"टाकलंस?"

"टाकलं."

पाच महिन्यांनी तू दुसरं लिहिलंस. तेही माझ्या ट्रंकेत पहिल्याच्या वर जाऊन बसलं.

आता परवाचं सांगते.

तुझी शोकसभा शाळेत ठेवायचं हेडमास्तरांनी ठरवलं आणि त्याला बोलावलं. बिचाऱ्या हेडमास्तरांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, विठ्ठल मास्तरांचे गुरू आले तर मास्तरांचा मान वाढेल. तो आगबोटीनं आला. सभेच्या दिवशी सकाळी आपल्या घरी आला, रेशमी उपरणं, हातात काठी. शेजारून खुर्ची आणली. आईनं त्याला शहाळं दिलं. तो तुझ्याबद्दल चार शब्द बोलला आणि मग इकडंतिकडं पाहत म्हणाला, "त्यांचे कागदपत्र असतील ना काही? इथं वाळवी लागून जायचे. मी बरोबर घेऊन जातो, सुरक्षित राहतील."

त्यासाठी आला होता. लेखाचा पुढचा भाग तू करत होतास हे त्याला कुठून तरी कळलं असणार.

आई म्हणाली, "घेऊन जावा साहेब. आमाला त्यातला काय कळताय?" आणि ती उठून तुझी पेटी ओढायला गेली सुद्धा. क्षणभर वाटलं की तिथंच त्याच्या अंगावर धावून जावं. मी आईच्या हातावर हात ठेवला.

"साहेब," मी म्हणाले, "सभा झाल्यावर देते की. पण आमची एक इच्छा आहे. तुमच्या त्या मोठ्या सिद्धांताबद्दल सभेत थोडं सांगाल? दादाला फार कौतुक होतं त्याचं. आम्हा अडाण्यांना समजेल असं सांगा. फळा आहे तिथं."

तो खूश झाला. "सांगेन की. त्यात त्यांचीही मदत झाली होती मला. आकडेमोडीत."

आकडेमोडीत. दादा, त्या एका शब्दानं माझं उरलंसुरलं मन घट्ट झालं. तू मला लहानपणापासून शिकवत आलास की रागात कधी हिशेब करू नये, चुकतो. मी तुझ्या खर्ड्यासमोर बसले आणि दुपारभर शांतपणे पुन्हा सगळं तपासलं.

शाळेचा हॉल भरला होता. वकील, कारकून, तुझे जुने विद्यार्थी, मिरकरवाड्याची आणि मांडवीची माणसं. पुढं उजव्या हाताला आम्ही पाच-सहा बायका. एके काळी बाबांच्या गलबतावर खलाशी होते ते नारूकाका तांडेल मागच्या भिंतीला टेकून उभे होते. हेडमास्तर बोलले. मग तो उठला. तुझ्यावर थोडं बोलला आणि मग स्वतःवर आला. खडू घेऊन त्यानं फळ्यावर लिहिलं आणि समजावून सांगितलं. पी ही कोणतीही संख्या घ्या. पीनं भाग जात नाही असा एक आकडा घ्या. मग क्षचा पी-वा घात, त्यातून क्ष वजा, त्यातून तो आकडा वजा. "या राशीचे अवयव कोणालाही, कधीही पाडता येणार नाहीत. हे मी सिद्ध केलं. मास्तरांनी आकडेमोडीला हातभार लावला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे."

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"साहेब, एक विचारू? पी म्हणजे कोणतीही संख्या?"

बाई उभी राहून बोलतेय, हेच लोकांना समजेना. तो मात्र मोठ्या मनानं हसला. "होय बाई, कोणतीही."

"चार चालेल?"

"चालेल."

"आणि आकडा चौदा? चौदाला चारानं भाग जात नाही."

"बरोबर. नाही जात."

"मग फळ्यावर लिहा ना."

त्यानं लिहिलं. क्षचा चौथा घात, वजा क्ष, वजा चौदा.

"याचे अवयव पडायचे नाहीत?"

"कधीच नाही."

"क्षच्या जागी दोन घाला, साहेब."

तो फळ्याकडे वळला. खडू फळ्याला टेकला आणि तिथंच राहिला. मागून नारूकाकांचा आवाज आला. ते आयुष्यभर भरती-ओहोटीचा हिशेब तोंडी करत आलेले. "दोनाचो चवथो घात म्हंजे सोळा. सोळातनं दोन गेलं, चवदा. चवदातनं चवदा गेलं." मग ते थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "शून्य व्हतंय की वो, मास्तर!"

क्षच्या जागी दोन घालून शून्य आलं म्हणजे क्ष वजा दोन हा अवयव झाला, हे तू त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना शाळेत शिकवलेलं होतंस. कुजबूज सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या एका वकिलानं खिशातून पेन्सिल काढली. हेडमास्तर उठून फळ्याजवळ गेले आणि त्यांनी दोन ओळींत अवयव पाडून दाखवले.

"छपाईची चूक असेल," तो म्हणाला. "एखादी अट राहून गेली असेल."

"मग प्रस्तावनेत अट नाही म्हणून कौतुक कसलं केलंत?" मी मासिक वर धरलं. "ती अट माझ्याकडून राहिली, साहेब. दादाच्या कागदांची प्रत मी काढली होती. बासष्ट पानं. सातव्या पानावर माझा एक शब्द गळला. तुमच्या लेखात तो त्याच जागी गळलाय."

आणि मग मी तुझं पहिलं पत्र काढलं आणि मराठी करून वाचलं. तुला माहीत आहे त्यात काय होतं, पण मला ते पुन्हा लिहू दे.

"आदरणीय सर, आपला लेख वाचून फार आनंद झाला. माझ्या कामाचा आपल्याला उपयोग झाला याचं समाधान आहे. सातव्या पानावर मात्र एक दुरुस्ती हवी. मी दिलेल्या प्रतीत माझ्या बहिणीकडून एक शब्द गळला होता, तो छापतानाही तसाच राहिला आहे. त्यावाचून चार ही संख्या घेतली की नियम मोडतो. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात येण्याआधी आपण दुरुस्ती करावी, म्हणजे आपल्या नावाला कमीपणा येणार नाही. माझ्या नावाचा उल्लेख केला नाहीत तरी चालेल."

मी वाचून थांबले तेव्हा सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. तू शिव्या घालून लिहिलं असतंस तर लोकांनी दोन बाजू केल्या असत्या. तुझ्या सज्जनपणानंच त्याला कुठं जागा ठेवली नाही. ज्या पत्रानं तू त्याला वाचवायला निघाला होतास, त्याच पत्रानं मी त्याला बुडवलं. हे तुला आवडलं नसतं. मला आवडलं, दादा. त्याच्या कपाळावरचा घाम मी मनसोक्त पाहिला. त्या दिवसासाठीच मी जगले की काय असं वाटलं.

तो ओरडला, "हे पत्र मला मिळालेलंच नाही!"

त्या संपूर्ण संध्याकाळी तेवढं एकच वाक्य तो खरं बोलला.

"नाही मिळालं," मी म्हणाले. "मी ते टाकलंच नाही."

"म्हणजे तुम्ही लपवलंत!"

"होय, लपवलं. आणि तुम्ही काय लपवलंत ते आता फळ्यावर आहे."

दोन दिवस राहणार होता, तो दुसऱ्याच सकाळी सर्व्हिस मोटारीनं हातखंब्यावरून कोल्हापूरकडे निघून गेला. आगबोटीच्या धक्क्यावर लोकांच्या तोंडाला तोंड द्यायची छाती झाली नाही. शाळेच्या दारापासून मोटारीच्या अड्ड्यापर्यंत त्याला एकानं सुद्धा नमस्कार केला नाही, हे मला तीन जणांनी घरी येऊन सांगितलं आणि मी तिघांकडूनही ते पूर्ण ऐकून घेतलं. तुझा खर्डा, तुझी दोन्ही पत्रं आणि सभेत काय झालं त्याची हकीकत, यांवर हेडमास्तरांनी गावातल्या सात जणांच्या सह्या घेतल्या आहेत. मासिकाला जाईल. मी पुन्हा प्रत काढायला बसले आहे. या वेळी वर तुझं नाव आहे. प्रत्येक पान काढून झालं की मी ते खर्ड्याशी शब्द न शब्द ताडून बघते. त्याचं पुढं काय व्हायचं ते होवो. त्याची नोकरी गेली तर मी देवाला नारळ वाढवीन. त्याच्याबद्दल मला दया यावी म्हणून तू वरून कितीही प्रयत्न केलेस तरी ती येणार नाही.

पण सभेत आईही होती. तिला फळ्यावरचं काही कळलं नव्हतं. ट्रंकेतली पत्रं कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसली असताना तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "दोन वर्सां तो पोस्टमनची वाट बगत व्हता. तुला ता बगवला कसा गो?" तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

मी तिला काय सांगू? ती म्हणते ते खरं आहे. टपाल यायच्या वेळेला तू ओटीवर येऊन उभा राहायचास. पोस्टमन मान हलवून पुढं जायचा आणि तू म्हणायचास, सरांकडे परीक्षेचे पेपर असतील. पुढच्या खेपेला म्हणायचास, आजारी असतील. मग तू सबबी सांगणं सोडून दिलंस. त्यापुढचं आईला माहीत नाही, मला माहीत आहे. तू सकाळी पुढचा भाग लिहायचं थांबवलंस आणि जुना खर्डा काढून पहिल्या पानापासून तपासायला लागलास. एकदा, दोनदा, मग मी मोजणं सोडलं. छातीचं दुखणं सुरू झालं होतं तरी तू तेच करत होतास. श्रावणात एका सकाळी तू मान वर केलीस. तुझे डोळे किती दमलेले होते. तू विचारलंस, "काशे, माझंच काही चुकलं असेल का गो? नाहीतर सरांनी उत्तर दिलं असतं."

ट्रंक माझ्या मागेच होती, दादा. हात लांबवला असता तर पोचला असता. मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?" आणि भाकऱ्या करायला उठून गेले.

मला कळत होतं. तुझं काही चुकलं नव्हतं.